विकास आराखड्यावर हरकत घेण्याआधी: विद्यार्थ्यांच्या शहरात राहणाऱ्यांसाठी

पुण्याच्या सदाशिव आणि नारायण पेठेतल्या अनेक गल्ल्यांमध्ये सकाळी सातलाच अभ्यासिकांच्या दाराशी चपलांचे ढीग दिसतात. जिन्याच्या भिंतीवर ‘कॉट बेसिसवर मुलांसाठी जागा’ अशी पाटी असते, तळमजल्यावर मेस चालते आणि वरच्या मजल्यावर, जिथे एके काळी एक कुटुंब राहत असे, तिथे स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी सहा-सात मुले राहतात. शहराच्या नकाशावर मात्र ही इमारत बहुधा केवळ ‘निवासी’ असते. तिथे प्रत्यक्षात किती माणसे राहतात, त्यांना पाणी किती लागते, त्यांच्या दुचाक्या कुठे उभ्या राहतात, आग लागली तर त्या अरुंद जिन्यावरून ती खाली कशी येतील, यातले काहीच त्या शब्दातून कळत नाही. जे नकाशावर आलेच नाही, त्याची तरतूद पुढच्या वीस वर्षांच्या आराखड्यात होत नाही.

विकास आराखडा हा शब्द आपण वर्तमानपत्रात नेहमी वाचतो, पण तो कसा तयार होतो आणि त्यात रहिवाशाला नेमके कुठे बोलता येते, हे फार थोड्यांना माहीत असते. माझे मत असे आहे की बोलण्याच्या ज्या संधी कायद्याने दिल्या आहेत, त्यांपैकी सर्वांत उशिराच्या संधीवर आपण गर्दी करतो आणि जिथे आपल्या माहितीला खरी किंमत आहे, तिथे जवळजवळ कोणीच पोहोचत नाही.

महाराष्ट्रात शहरांचे आराखडे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्यानुसार होतात. बोलताना सगळे त्याला एमआरटीपी कायदा म्हणतात. कोणती जमीन राहण्यासाठी, कोणती व्यापारासाठी, कोणती शेतीसाठी किंवा हरित पट्ट्यासाठी, रस्ते किती रुंद आणि कुठून, शाळा, महाविद्यालये, दवाखाने, मंडया, उद्याने यांसाठी कोणत्या जागा राखून ठेवायच्या, हे सगळे आराखडा ठरवतो. राखून ठेवलेल्या जागेला ‘आरक्षण’ म्हणतात. आरक्षण पडले म्हणजे बाग झाली किंवा शाळा झाली असे नव्हे. दहा वर्षांत ती जागा ताब्यात घेतली गेली नाही, तर जमीनमालक कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर ठरावीक मुदतीत संपादनाची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजेच संपते. त्यामुळे आपल्या भागातल्या आरक्षणांचे वय किती झाले, हे प्रत्येक रहिवाशाने अधूनमधून पाहत राहिले पाहिजे.

आराखड्याची वाट साधारण अशी असते. नियोजन प्राधिकरण, म्हणजे पुण्याच्या बाबतीत महापालिका, प्रथम आराखडा करण्याचा इरादा जाहीर करते. मग हद्दीतील जमिनींची पाहणी होऊन ‘विद्यमान जमीन वापर नकाशा’ तयार होतो, ज्यात आज कोणत्या जमिनीवर काय चालले आहे ते दाखवलेले असते. त्यावरून पुढच्या लोकसंख्येचे अंदाज बांधून प्रारूप आराखडा तयार होतो, कलम २६ खाली तो प्रसिद्ध होतो आणि लोकांकडून हरकती व सूचना मागवल्या जातात. कलम २८ नुसार एक नियोजन समिती या हरकती ऐकते. स्थायी समितीचे तीन सदस्य आणि शासनाच्या नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार अशी तिची रचना असते. समितीच्या अहवालानंतर बदल होतात, आराखडा राज्य शासनाकडे जातो आणि कलम ३१ खाली त्याला मंजुरी मिळते.

पुणे शहराच्या जुन्या हद्दीचा २००७ ते २०२७ या काळासाठीचा आराखडा याच वाटेने गेला. त्याचे प्रारूप २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यावर सुमारे ८७ हजार हरकती व सूचना आल्या. हा आकडा त्या वेळी अभिमानाने सांगितला गेला आणि त्यात अभिमान वाटण्यासारखे होतेही, कारण शहरातील कितीतरी माणसांनी प्रथमच तो नकाशा समोर पसरून आपली गल्ली शोधली होती. पण थोडा हिशेब करून पाहावा. प्रत्येक हरकतीला केवळ दोन मिनिटे दिली आणि समिती रोज आठ तास बसली, तरी सगळ्या हरकती ऐकायला ३६० हून अधिक दिवस लागतात. पुढे महापालिकेकडून वेळेत निर्णय झाला नाही, २०१५ मध्ये राज्य शासनाने आराखडा आपल्या हाती घेतला, विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली त्रिसदस्यीय समिती नेमली आणि जानेवारी २०१७ मध्ये त्याला मंजुरी दिली. वीस वर्षांसाठी असलेला आराखडा मंजूर झाला तेव्हा त्यातली निम्मी वर्षे सरली होती. पुणे महानगर प्रदेशाच्या आराखड्याचे तर याहून वेगळे झाले. २०२१ मध्ये त्याचे प्रारूप आले, ६० हजारांहून अधिक हरकती दाखल झाल्या आणि २०२५ मध्ये राज्य शासनाने तो आराखडाच रद्द करण्याचा निर्णय घेतला.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढेल की लोकांना विचारल्यामुळे उशीर होतो. मला ते पटत नाही. प्रारूप प्रसिद्ध होईपर्यंत रस्त्यांच्या रेषा आखलेल्या असतात, आरक्षणे टाकलेली असतात आणि प्रत्येक रेषेशी कोणाचे तरी हित जोडले गेलेले असते. त्या टप्प्यावर रहिवासी बोलतो तेव्हा तो आधीच ठरलेली गोष्ट हलवायला सांगत असतो. एक आरक्षण हलवले की ते शेजारच्या जमिनीवर जाते, शेजारचा मालक हरकत घेतो आणि हरकतींतून हरकती जन्मतात. हेच बोलणे दोन वर्षे आधी, पाहणी चालू असताना झाले असते, तर ते भांडण न राहता माहिती ठरले असते.

म्हणून विद्यमान जमीन वापर नकाशाचा टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या आराखड्याचे काम सुरू असताना महापालिकेने हा नकाशा लोकांपुढे ठेवला, आणि नागरिकांनी व अभ्यासकांनी त्यातल्या चुका विभागवार दाखवून दिल्या. पुढे २०१५ मध्ये आलेल्या प्रारूपात इतक्या त्रुटी निघाल्या की मुख्यमंत्र्यांना ते मागे घेऊन नव्याने करायला सांगावे लागले. त्या साऱ्या प्रकरणातून एवढे स्पष्ट झाले की आजची परिस्थिती नकाशावर चुकीची उतरली, तर उद्याचे नियोजन कितीही हुशारीने केले तरी चुकतेच.

विद्यार्थ्यांच्या शहरात ही चूक विशेष मोठी असते, कारण इथली लोकसंख्या नेहमीच्या मोजमापात नीट बसत नाही. पुण्यात १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा निघाली, जी पुढे डेक्कन कॉलेज झाली. १८५४ मध्ये अभियांत्रिकी शिक्षणाची सुरुवात झाली, १८८५ मध्ये फर्ग्युसन आणि १९१६ मध्ये आजचे स. प. महाविद्यालय सुरू झाले, १९४९ मध्ये विद्यापीठ आले. तोवर शिकायला येणारी मुले शहरातल्या वाड्यांत, वसतिगृहांत आणि नातेवाइकांकडे सामावली जात होती. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि त्यानंतर शिक्षणसंस्था शहराच्या कडेकडेने, जिथे मोठ्या जागा स्वस्त होत्या तिथे, उभ्या राहिल्या. महाविद्यालय आले की आसपासच्या शेतांत इमारती उठल्या, सदनिका भाड्याने गेल्या, झेरॉक्सची दुकाने आणि मेस आल्या, आणि रस्ता मात्र गावाचाच राहिला. महाविद्यालयाच्या परवानगीत वर्गखोल्या, प्रयोगशाळा आणि प्रवेशसंख्या मोजली जाते, पण त्या प्रवेशसंख्येतील किती मुले बाहेरगावची असतील आणि ती रात्री कुठे झोपतील, याचा हिशेब नगररचनेच्या नकाशापर्यंत पोहोचत नाही.

त्यांचा आवाज पोहोचणेही अवघड असते. महापालिकांच्या कायद्यात २००९ मध्ये क्षेत्रसभेची तरतूद झाली, पण क्षेत्रसभा ही त्या भागातील मतदार यादीत नावे असलेल्यांची असते, आणि लातूर, नांदेड किंवा जळगावहून आलेल्या बहुतेक मुलांची नावे घरच्या यादीतच असतात. शिवाय क्षेत्रसभा प्रत्यक्षात भरवण्याचा उत्साह आपल्या शहरांत फारसा दिसला नाही. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने प्रभाग समित्या आणि महानगर नियोजन समिती यांची कल्पना मांडली, पण तिथेही बोलायचे ते निवडून आलेल्यांनी. पुणे महापालिकेत मार्च २०२२ नंतर तीन वर्षांहून अधिक काळ नगरसेवकच नव्हते आणि कारभार प्रशासकाकडे होता, हे लक्षात घेतले म्हणजे ही वाट किती अरुंद आहे ते कळते.

अशा वेळी एमआरटीपी कायद्याच्या कलम २८ मधला एक शब्दप्रयोग मला फार मोलाचा वाटतो. हरकत किंवा सूचना ‘कोणतीही व्यक्ती’ देऊ शकते, असे तिथे म्हटले आहे. तिथे मतदार, मालक किंवा करदाता असण्याची अट नाही. कॉटवर राहणारी मुलगी, मेस चालवणाऱ्या मावशी, महाविद्यालयातला कंत्राटी शिपाई, वाड्यातला भाडेकरू, या सर्वांची हरकत कायद्याच्या नजरेत बंगल्याच्या मालकाच्या हरकतीइतकीच हरकत आहे, आणि ज्याने हरकत घेतली त्याला म्हणणे मांडण्याची वाजवी संधी देणे समितीवर बंधनकारक आहे.

आता ती हरकत कशी असावी ते पाहू. समजा एखाद्या विद्यार्थी संघटनेने ‘शहरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे वाढवावीत’ अशा मजकुराचे पाच हजार छापील अर्ज दिले. मागणी रास्त आहे, पण ती कोणत्याही भूखंडाला चिकटत नाही, त्यामुळे तिचा निकाल ‘धोरणात्मक बाब, नोंद घेतली’ एवढ्यावर लागतो. तीच मागणी दुसऱ्या रीतीने मांडता येते. अर्जावर प्रारूपातील नकाशाचा क्रमांक लिहावा. गावठाणात आणि पेठेत सिटी सर्व्हे नंबर, उपनगरात सर्व्हे नंबर किंवा गट नंबर द्यावा. मग लिहावे की या चौकापासून पायी दहा मिनिटांच्या अंतरात तीन महाविद्यालये आहेत, आम्ही या दोन रस्त्यांवरच्या चाळीस इमारती फिरून पाहिल्या, त्यांत इतक्या कॉट मोजल्या, इतक्या इमारतींना एकच जिना आहे, आणि म्हणून या नंबरच्या सार्वजनिक मालकीच्या भूखंडावर ठेवलेल्या आरक्षणात कामकरी व शिकणाऱ्या मुलींच्या वसतिगृहाचा समावेश करावा. सोबत हाताने काढलेला का होईना, पण दिशा दाखवलेला नकाशा जोडावा. असा एक अर्ज पाच हजार छापील अर्जांपेक्षा अधिक वजनदार ठरतो, कारण तो नाकारायचा असेल तर कारण लिहावे लागते.

सुनावणीत फार वेळ मिळत नाही, हे गृहीत धरूनच जावे. अर्जाची पोच घेतलेली प्रत जवळ ठेवावी आणि बोलताना आधी जागा सांगावी, मग मागणी, आणि शेवटी कारण. आपल्याकडे बहुतेक जण कारणापासून, तेही बरेच मागून, सुरुवात करतात आणि जागा सांगायची वेळ येईपर्यंत पुढच्या माणसाला हाक मारली जाते.

लोकांनी चिकाटी धरली, तर आराखड्यावर परिणाम होतो, याचे पुण्यातले ठळक उदाहरण टेकड्यांचे आहे. १९९७ मध्ये हद्दीत आलेल्या २३ गावांच्या आराखड्यात सुमारे ९७८ हेक्टर डोंगरमाथा व डोंगरउतार जैवविविधता उद्यानासाठी, म्हणजे ‘बीडीपी’साठी, राखण्याचा प्रस्ताव होता. तो टिकावा म्हणून नागरिकांनी वर्षानुवर्षे सह्या गोळा केल्या, मोर्चे काढले, मंत्रालयापर्यंत पाठपुरावा केला, आणि २०१५ मध्ये शासनाने हे आरक्षण कायम ठेवले. त्याच निर्णयात जमीनमालकांना मोबदला म्हणून ८ टक्के टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क, देऊ केला गेला. त्या टेकड्यांच्या पायथ्याच्या गावांतील ज्या कुटुंबांची थोडकी जमीन त्यात गेली, त्यांना हा मोबदला फार अपुरा वाटला. त्यांची तक्रार खरी आहे असे मी मानतो, आणि टेकड्या वाचाव्यात असेही मानतो. आपल्या बाजूच्या हरकतींची संख्या मोठी होती म्हणून दुसऱ्या बाजूच्या माणसाचे नुकसान लहान होत नाही. टेकडीवर रोज फिरायला जाणाऱ्याने आणि त्या टेकडीचा सातबारा ज्याच्या नावावर आहे त्याने एकाच टेबलाशी बसून बोलावे, अशी सोय आपल्या कायद्यात असायला हवी होती. आज दोघेही वेगवेगळे अर्ज करतात आणि वेगवेगळ्या दिवशी सुनावणीला येतात.

लोकसहभागाची हीच अडचण परदेशातही दिसते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात डेव्हिस नावाचे सुमारे ६७ हजार वस्तीचे गाव आहे, आणि तिथल्या विद्यापीठात ३५ हजारांहून अधिक विद्यार्थी आहेत. हे गाव सायकलींसाठी ओळखले जाते. त्या देशातली सायकलींसाठीची पहिली स्वतंत्र मार्गिका तिथे १९६७ मध्ये आखली गेली. सायकलींचे शहर म्हणवणाऱ्या पुण्याच्या माणसाला त्याविषयी आपुलकी वाटावी. तिथल्या मतदारांनी २००० मध्ये असा नियम केला की गावाच्या कडेची शेतजमीन बांधकामासाठी वापरायची असेल, तर त्यावर सार्वमत घ्यावे लागेल. म्हणजे ‘आधी विचारा, मग बांधा’ हे तत्त्व तिथे पूर्णत्वाला गेले. शेती वाचली, गाव आटोपशीर राहिले. पण घरे कमी पडू लागली आणि त्याची झळ भाड्याने राहणाऱ्या विद्यार्थ्यांना बसली. विद्यापीठाला लागून असलेल्या निशी नावाच्या जागेवरील प्रकल्प मतदारांनी २०१६ मध्ये थोडक्या फरकाने फेटाळला आणि २०१८ मध्ये, तो प्रामुख्याने विद्यार्थ्यांच्या घरांचा म्हणून पुन्हा मांडला गेला तेव्हा, मंजूर केला. ज्याचे घर आधीच आहे त्याला विचारले, तर तो बहुधा शांतता मागतो, आणि ज्याला घर हवे आहे तो अजून गावात आलेलाच नसतो. आपल्याकडच्या सोसायट्यांच्या सभांमध्येही ‘बॅचलर्सना जागा देऊ नये’ असे ठराव होतातच. तेव्हा ‘रहिवाशांना विचारले’ एवढे म्हणून भागत नाही. कोणत्या रहिवाशांना विचारले, हेही पाहावे लागते.

छोट्या कामांसाठी पुण्यात आणखी एक वाट आहे. २००६-०७ पासून महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांनी सुचवलेली कामे घेण्याची पद्धत सुरू झाली. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरून पदपथाची दुरुस्ती, बसथांब्याची शेड, दिवे अशी कामे सुचवता येतात. तिथे आकडे लहान असतात, पण एकदा आपण सुचवलेला दिवा खांबावर लागलेला पाहिला की माणूस मोठा नकाशा उघडायला धजावतो.

मंजुरीनंतरही दोन संधी असतात आणि त्या बहुतेकांच्या नजरेतून सुटतात. शासन आराखडा मंजूर करताना एखाद्या ठिकाणी मोठा, कायद्याच्या भाषेत ‘सारभूत स्वरूपाचा’, बदल करणार असेल, तर तो भाग वगळून ठेवला जातो आणि त्यावर नव्याने हरकती मागवाव्या लागतात. त्याला ‘वगळलेला भाग’ किंवा कार्यालयीन बोलीत ‘ईपी’ म्हणतात. दुसरी संधी कलम ३७ ची. मंजूर आराखड्यात एखाद्याच भूखंडापुरता फेरबदल करायचा असला तरी जाहीर सूचना द्यावी लागते. ती वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टाइपात येते. तुमच्या महाविद्यालयासमोरचे मैदान निवासी विभागात गेले की नाही, हे कळण्याची जागा तीच. प्रत्येक परिसरात एका माणसाने तरी ह्या सूचना वाचण्याचे काम अंगावर घ्यावे.

आराखडा निदान वीस वर्षांतून एकदा सुधारला पाहिजे असे कायदा सांगतो. विद्यार्थी शहरात तीन-चार वर्षे राहतो. म्हणजे एका आराखड्याच्या आयुष्यात विद्यार्थ्यांच्या पाच-सहा पिढ्या येऊन जातात. ज्याने हरकत लिहिली तो सुनावणीच्या वेळी गावी परतलेला असतो. ही साखळी तुटू न देण्याचे काम महाविद्यालयेच करू शकतात, आणि पुण्यात त्याची परंपरा आहे. गोखले अर्थशास्त्र संस्थेने धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली १९३० च्या दशकात या शहरातील कुटुंबांची घरोघर जाऊन पाहणी केली होती. तेव्हाच्या पुण्यात कोण कुठे आणि कसे राहत होते, हे आज आपल्याला त्यामुळे कळते.

भूगोल, वास्तुशास्त्र, समाजकार्य, सांख्यिकी यांपैकी कोणताही विभाग असे काम आजही उचलू शकतो. दरवर्षी प्रवेश आटोपले की ऑगस्टमध्ये दोन शनिवार द्यावेत आणि महाविद्यालयापासून पायी दहा मिनिटांच्या अंतरातले रस्ते वाटून घ्यावेत. वहीत रकाने मोजके ठेवावेत: सर्व्हे नंबर, इमारतीचे मजले, तळमजल्यावर काय चालते, कॉट किती, भाडे किती, जिने किती, पाणी दिवसातून किती वेळ. राहणाऱ्यांची नावे लिहू नयेत. ही वही दरवर्षी पुढच्या वर्गाच्या हाती द्यावी आणि तिची एक प्रत नगररचना विभागात देऊन तिच्यावर पोचेचा शिक्का घ्यावा, म्हणजे पुढच्या आराखड्याचा इरादा जाहीर होईल आणि पाहणी करणारा कर्मचारी त्या गल्लीत येईल, तेव्हा त्याच्या फाइलमध्ये ती आधीच लागलेली असेल.